गेले म्हणजे गेले

५ फेब्रुवारी, सोमवार

आला एकदाचा नियतकालिकाचा निरोप! आणि दोन नंबरच्या परीक्षकाने पाय आडवा घातला.

एक नंबरचा परीक्षक भला माणूस. सहा ओळी — काम महत्त्वाचं, लवकर छापावं. दोन नंबरची चार पानं. तेवीस प्रश्न! परीक्षकाचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही अशी पद्धत, म्हणजे शिव्या घालायच्या तरी कुणाच्या नावाने? मी मनात एक चेहरा तयार केलाय. जाड चष्मा, पडलेले गाल, चहा गार मिळाला म्हणून सगळ्या जगावर राग.

सरांनी पानं चाळून माझ्यापुढे टाकली. 'दे उत्तरं. आकडे तुझेच आहेत.' माझेच आहेत. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांचे आकडे जुळवणारी. दोन वर्षांचे दोनशे चौदा पेशंट, सगळे यकृताला तीव्र सूज येऊन दाखल झालेले. त्यातल्या एकशे तीन जणांना सांधेदुखीची ती जुनी गोळी दिलेली, एकशे अकरा जणांना नाही. गोळीवाल्यांत आठ मृत्यू. बाकीच्यांत एकवीस. निम्म्याहूनही कमी! असा आकडा आयुष्यात एखाद्या वेळीच हाती लागतो. म्हणून तर परीक्षणाची वाट न बघता डिसेंबरातच प्रीप्रिंट टाकून दिला — कुणी तपासण्याआधीच लेख सगळ्या जगाला खुला. वर लाल अक्षरांत सूचना असते की याचं परीक्षण झालेलं नाही, उपचारासाठी आधार घेऊ नये. ती कोण वाचतं! एकोणीस हजार जणांनी उतरवून घेतला. पेपरात मथळा आला, 'स्वस्त गोळी, मृत्यू निम्मे'. सर तो कापून पाकिटात घेऊन फिरतात.

सर मार्चअखेर निवृत्त. त्याआधी रीतसर छापून यायला हवा. माझी पुढची नेमणूकही त्यावरच लटकलेली. आणि हा बाबा विचारतो — प्रश्न सातवा — 'बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांपैकी किती जण पुढच्या तपासणीस आले? वॉर्डनिहाय आकडे द्यावेत.' वॉर्डनिहाय! खाटनिहाय नाही मागितले हे नशीब.

६ फेब्रुवारी

सहा प्रश्न उडवले. सतरा बाकी. मान धरली.

७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ताईचा फोन. कावीळ झालीय, चौदावर गेलीय, डोळे हळदीसारखे झालेत म्हणाली. पण ती हसत होती! तिच्या डॉक्टरांनी मोबाईल काढून एक लेख दाखवला, लेखकांच्या यादीत माझं नाव. 'म्हटलं अहो, ही तर माझी धाकटी बहीण! आमच्या घरी शाळेत असताना हिच्याकडून पाढे म्हणून घ्यायला मी मागे लागायचे.' डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे.

'छापून आलं का गं मग, छोटे?'

'छापायच्या आधीचं आहे ते, ताई.'

'म्हणजे कच्चा लेख! पक्का कधी होणार?'

भाऊजी मागून ओरडले, 'आमची मेहुणी अर्धी डॉक्टर झाली!'

फोन ठेवला आणि डबा खायच्या खोलीत जाऊन रडले. आनंदाने. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. तिच्यासाठी मी काय केलं आजवर? एक साडी, दोन भांडणं. आणि आता ही गोळी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न सात. बाह्यरुग्ण विभागाच्या वह्या काढून तीन दिवस नावं जुळवतेय.

वॉर्ड एक — घरी गेलेले चौऱ्याण्णव, परत तपासणीला आलेले एकाहत्तर. वॉर्ड दोन — तेहेतीसपैकी पंचवीस. दोन्हीकडे चारात तीन, ठीक. वॉर्ड तीन — अठ्ठावन्नपैकी एकतीस.

निम्मेच? परत मोजले. एकतीस.

वॉर्ड तीन सरांचा. गोळीवर सरांचा जुना विश्वास, त्यामुळे गोळीवाले निम्म्याहून जास्त तिथलेच. सरांना सांगितलं तर म्हणाले, 'माझ्याकडे लांबलांबून येतात लोक. बरे झाल्यावर कशाला येतील परत?' पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

१० फेब्रुवारी

पटत नाहीये. लांबचे लोक वॉर्ड एकलाही आहेत. पत्ते बघितले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सगळं लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर राहील.

सकाळी वॉर्ड तीनला गेले. तिथल्या सिस्टर बत्तीस वर्षं त्याच वॉर्डात. त्या ट्रे पुसत होत्या. मूळ वही मागितली, ती काउंटरवरच उघडी होती. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईत त्यांचं गोल अक्षर — सुट्टी, सुट्टी, सुट्टी, गेले, सुट्टी, सुट्टी, गेले.

सहज विचारलं, 'सिस्टर, सुट्टी आणि गेले यात काय फरक करता?'

'फरक काय मॅडम? सुट्टी म्हणजे सुट्टी. गेले म्हणजे गेले.'

'घरी गेले?'

त्यांनी ट्रे खाली ठेवला. 'अहो, गेले! वारले! मृत्यू हा शब्द मी वहीत लिहीत नाही. ही वही इथे उघडी पडलेली असते, नातेवाईक येता-जाता डोकावतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोने वाचलं तर तिने काय करायचं? मी पहिल्या दिवसापासून गेले लिहिते. सगळ्यांना कळतं की.'

सगळ्यांना कळतं! मलाही कळलं असतं, मी वाचलं असतं तर. मी वाचलंच नाही. वह्या टाइप होऊन आल्या, टाइपवालीने जसंच्या तसं उतरवलं, आणि मी — मी हुशार! — संगणकाला एका ओळीचा नियम घालून दिला. रकान्यात 'गेले' सापडलं की 'बरे होऊन घरी' धरायचं. का? तर वॉर्ड एकमध्ये लिहितात 'घरी गेले', 'बरे होऊन गेले', 'मुलाबरोबर गेले'. मृत्यूला तिथे सरळ मृत्यू लिहितात. मी वॉर्ड एकची वही समोर ठेवून नियम बसवला आणि तिन्ही वॉर्डांवर चालवला. चार मिनिटं लागली होती. वेळ वाचवला म्हणून स्वतःवर खूश होऊन कॉफी प्यायले होते, तेही आठवतंय.

वॉर्ड तीनमध्ये नुसतं 'गेले' किती? एकोणीस.

एकोणीस माणसं मी बरी करून घरी पाठवली.

सिस्टर विचारत होत्या, 'काय झालं मॅडम? पाणी देऊ?' पाणी नको म्हटलं. त्यांनी दिलंच.

१३ फेब्रुवारी

काहीच नक्की नाही अजून. सिस्टर रजेवर असताना बदली सिस्टर येतात, त्यांनी 'गेले' घरी गेले या अर्थानेही लिहिलं असेल. एकोणीसपैकी किती खरे गेले ते मृत्युनोंदवहीवरूनच कळेल. ती तळघरात, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका शुक्रवारपर्यंत रजेवर.

खरं सांगायचं तर किल्ली मिळत नाही याचं बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सर परिषदेला गेलेत. आमचाच निष्कर्ष मांडायला! मोठ्या पडद्यावर, माझे तक्ते, निळा रकाना आठ, लाल रकाना एकवीस. फोन केला. 'सर, वॉर्ड तीनच्या नोंदींत थोडा घोळ वाटतोय.' मागे टाळ्यांचा आवाज. 'आल्यावर बघू गं. इथे लोक उभे राहून ऐकत होते!' थोडा घोळ म्हणाले मी. थोडा!

संध्याकाळी ताईचा फोन. कावीळ चौदावरून आठवर! आठवड्यात! 'तुझी गोळी लागू पडली बघ.' मी त्या आकड्यावर झडपच घातली. मग काय तर! चालते गोळी! माझ्या नोंदी चुकल्या असतील, गोळी नाही चुकली. वहीपेक्षा माझी ताई खरी.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी दरवर्षी नव्या डॉक्टरांना फळ्यावर लिहून शिकवते. बहुतेकांची कावीळ नुसत्या पथ्यानेही उतरते, हेही मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. तरी आज दिवसभरात पहिल्यांदा घास गिळला तो या आठवर.

१५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, 'मग सांगून टाक की सगळ्यांना. त्यात काय?'

त्यात काय! त्याचा लेख नाही, त्याचं नाव नाही, त्याच्या नेमणुकीचा कागद सरांच्या टेबलावर पडलेला नाही. भांडले त्याच्याशी. नंतर त्याने मुकाट्याने भांडी घासली. तो बरोबर आहे म्हणूनच राग आला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काका आले. किल्ली मिळाली.

तळघरात एकच दिवा, लाकडी टेबलावर धूळ. एकोणीस नावं कागदावर लिहून नेली होती. पहिलं नाव सापडलं. दुसरं सापडलं. तिसऱ्याला वाटलं नाही सापडणार, पान उलटलं, सापडलं. काका दारात बसून विचारत होते, 'कुणी नातेवाईक शोधताय का?' मी नाही म्हटलं. अकराव्या नावापाशी थांबून भिंतीला टेकले. छत्तीस वर्षांची बाई होती. दोन ओळींच्या नोंदीत बाकी काही नव्हतं.

एकोणीसपैकी अठरा. एकटा एकोणिसावा खराच घरी गेलेला, बदली सिस्टरचं अक्षर.

त्या प्रत्येक नोंदीखाली सही सरांची.

वर येऊन आकडे परत चालवले. अठरापैकी सतरा गोळीवाले. म्हणजे गोळीवाल्यांत आठ नाही, पंचवीस. बाकीच्यांत बावीस. गोळीने काहीही होत नाही, असंही म्हणता येणार नाही — त्याहून वाईट आहे. दाखल होताना ज्यांना सारखी झोप यायला लागली होती, म्हणजे यकृत हात टेकायला लागलं की येते तशी गुंगी, त्यांच्यात गोळी घेतलेल्या एकोणीसपैकी चौदा दगावले. न घेतलेल्या तेविसांपैकी नऊ.

आम्ही जगाला सांगतोय की ही द्या.

ताई! पहिला फोन ताईला. भाऊजींनी उचलला, मग ती आली. 'ताई, ती गोळी बंद कर. आजच्या आज.' ती घाबरली. 'का गं? काही वाईट आहे का त्यात?'

आणि मी — तिचा तो आवाज ऐकला आणि जीभ पलटली. म्हणाले, 'नाही गं! तुझी कावीळ उतरली ना, आता गरज नाही. गोळीचं काम झालं.'

'हात्तिच्या! घाबरवलंस मला. बरं, बंद.'

बंद झाली ना? तेच महत्त्वाचं. कारण कळून ती आणखी आजारी पडायची. नऊ दिवस विष खाल्लं असं वाटेल तिला. ठणठणीत बरी झाली की सगळं सांगेन, समोर बसून.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सर आले. गळ्यात परिषदेचा बिल्ला तसाच. मी कागद पुढे ठेवला, अठरा नावं, तारखा, दोन्ही तक्ते. एकदा वाचला. परत वाचला. खिडकी लावली, मग उघडली.

'तुला खात्री आहे?'

'सह्या तुमच्याच आहेत, सर.'

हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पार उतरला. वॉर्ड तीनमध्ये मृत्यू इतके कमी, तर 'ही माझ्या वॉर्डाची शिस्त' असं ते दोन महिने सगळ्यांना सांगत होते. ज्या माणसांच्या दाखल्यांवर स्वतः सही केली ती माणसं आपल्याच लेखात हिंडतायत, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

कागदाची घडी घालून म्हणाले, 'परीक्षकाला उत्तर देताना दुरुस्ती करू. शांतपणे. नोंदींचं फेरवर्गीकरण केलं असं लिही.'

'आणि प्रीप्रिंट? तो तर रोज उतरवून घेतायत लोक.'

'त्यावर सूचना आहे ना, आधार घेऊ नये म्हणून? जबाबदारी वाचणाऱ्याची. सहा आठवडे थांब. मी एवढा बाहेर पडतो, मग काय करायचं ते कर.'

आवाज चढवला नाही त्यांनी. विनवत होते. चौदा वर्षांत हा माणूस माझ्यापुढे कधी असा बोलला नव्हता. मी बाहेर आले.

१८ फेब्रुवारी, रविवार

सहा आठवडे. दिवसाला दोनशेच्या वर लोक उतरवून घेतात. त्यातल्या दहांनी जरी गोळी लिहून दिली, तरी सहा आठवड्यांत चारशे डॉक्टर. त्यातला एक जरी गुंगीतल्या माणसाला देत असेल —

गणित हेच माझं पोट. आज ते करवत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

मागे घेतला.

प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावरचं खातं सरांच्या नावाचं, पासवर्ड माझ्याकडे, कारण त्यांना कधी लक्षातच राहिला नाही. सहाही लेखकांना आधी मेल केली — दुपारी तीन वाजता मागे घेतेय, कुणाला चूक वाटत असेल तर अठरा नावांचा कागद बघायला या. कुणी आलं नाही. एकाने लिहिलं, 'माझं नाव यात कशाला होतं तेच आठवत नाही.' धन्य!

कारणाची सूचना लिहायला दोन तास लागले. इंग्रजीत 'गेले' कसं सांगणार? घरी जाणं वेगळं, जाणं वेगळं, दोन्ही एकाच शब्दात कोंबणारी भाषा आमची, आणि त्या शब्दावर नियम लावणारी शहाणी मी. चार खर्डे फाडले. शेवटी सरळ लिहिलं — 'अठरा मृत रुग्ण चुकून बरे झालेले धरले गेले. चूक आकडे जुळवणाऱ्या व्यक्तीची. निष्कर्ष खरा नाही. ही गोळी देऊ नये.'

तीन वाजून दोन मिनिटांनी कळ दाबली. जिन्यात जाऊन बसले.

२० फेब्रुवारी

प्रीप्रिंटखाली शेरे लिहिलेल्या आणि मेल पाठवलेल्या डॉक्टरांची यादी काढली. 'आम्हीही सुरू केली.' 'आमच्याकडे तिघांना दिली, छान गुण.' एकूण एकेचाळीस. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं, नाव घालून. एकही सुटता कामा नये. ताईच्या डॉक्टरांनाही लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, 'बरं झालं कळवलंत. तुमच्या बहिणीशिवाय कुणाला दिली नव्हती.'

ताईला खरं सांगायचं राहिलंच आहे. रविवारी सांगेन.

२१ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी बोलावलं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले. 'मला विचारलं नाहीस! माझ्या खात्यातून, माझ्या नावाने! परवा माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते ते आज मला फोन करून विचारतायत.' बाहेर पट्टेवाल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. मी उभी राहिले. त्यांच्या चाळीस वर्षांवर मी पाणी ओतलं. माझ्या चार मिनिटांनी आधी, माझ्या एका कळीने नंतर.

मग एकदम आवाज खाली आला. खुर्चीत बसले. अठरा नावांचा कागद त्यांच्या टेबलावरच होता. 'हा अकरावा नंबर. आठवते मला ही बाई. तिची आई रोज मला विचारायची, गोळी लागू पडतेय ना डॉक्टर? मी हो म्हणायचो. खरंच वाटायचं मला.'

माझ्या नेमणुकीचा कागद टेबलावर दिसला नाही. विचारलंही नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

नियतकालिकालाही कळवलं, लेख परत घेतोय. जाता जाता संपादकांमार्फत दोन नंबरला चार ओळी पाठवल्या — प्रश्न सातवा विचारलात, आभारी आहे. तुमच्यावर मी खूप रागावले होते.

संध्याकाळपर्यंत उत्तर! संपादकांनी जसंच्या तसं पुढे पाठवलं. 'एकदा माझ्याकडूनही असंच झालं होतं. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.' बास, एवढंच. जाड चष्मा आणि पडलेले गाल पुसून टाकले मनातून. दुसरा चेहरा काही जमेना.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईची कावीळ दोनवर. अंघोळ करून गॅलरीत बसलेय म्हणाली.

वॉर्ड तीनच्या सिस्टर खोलीत आल्या, पहिल्यांदाच. माझ्या खुर्चीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, 'मॅडम, माझ्यामुळे झालं ना? मी आता मृत्यू लिहीन.' मी म्हटलं, 'नाही सिस्टर, तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं. मी वाचलं नाही.' दोघीही रडलो. मग त्यांनी डोळे पुसले, म्हणाल्या इंजेक्शनची वेळ झाली, आणि गेल्या.

आज पोटभर जेवले. नोकरी जाईल बहुधा. नाव तर गेलंच. पण जे करायचं ते केलं, सगळ्यांना सांगितलं, आणि ताई वाचली. निदान ताई वाचली. पुढचं पुढे बघू.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज ताईला सांगणार होते. तिचाच फोन आला.

'छोटे, रागावू नकोस. ती गोळी मी एकही घेतली नाही. गोळ्या गिळताना मला कसंतरी होतं, तुला माहितेय. तू इतकी खूश होतीस, तुझं मन कशाला मोडा, म्हणून हो हो म्हणत राहिले.'

मी हसलेच. जोरात. नवरा बघायला आला.

'मग त्या दिवशी तू म्हणालीस, आता गरज नाही, गोळीचं काम झालं. म्हटलं वाया कशाला घालवायच्या? समोरच्या वहिनींच्या यजमानांनाही कावीळ झालीय, त्यांना दिल्या सगळ्या. माझ्या बहिणीचाच शोध आहे म्हणून सांगितलं. कालपासून ते सारखे झोपूनच आहेत गं. हाक मारली तरी ओ देत नाहीत. थांब, वहिनी इथेच आहेत, त्यांना तुझ्याशी बोलायचंय.'

फोन त्यांच्याकडे गेला. मी कधी न पाहिलेली बाई. आवाज दबका, आदबीचा.

'मॅडम, फार उपकार झाले तुमचे. चौदा दिल्या आत्तापर्यंत, वेळ चुकवली नाही. अठ्ठावीस उरल्यात. आता दोनाच्या तीन केल्या तर लवकर उठतील का?'